झाकण उघडं, तरी लॅपटॉप झोपलेला

लॅपटॉप आपोआप झोपतो, ही तक्रार ऐकायला किरकोळ वाटते. बटण दाबलं की तो उठतो, उघड्या फायली जिथल्या तिथे असतात, काही हरवत नाही. पण मी ऑनलाइन वर्ग घेते. ऐन वर्गात स्क्रीन काळी झाली की पलीकडच्या मुलांना मी अर्ध्या वाक्यावर, तोंड उघडं ठेवून गोठलेली दिसते आणि मग यादीतून नाहीशीच होते. मग लॅपटॉप उठवा, पासवर्ड टाका, वायफाय जोडलं जाईपर्यंत थांबा, परत वर्गात शिरा आणि 'कुठे होतो आपण?' म्हणून विचारा. "मॅडम, तुम्ही परत गेलात," हे वाक्य मुलांच्या तोंडी इतकं बसलं की पुढे पुढे त्यांना त्याचं हसूही येईनासं झालं.

आधी कोणीही करेल तेच केलं. पॉवरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्क्रीन बंद होण्याची आणि झोपण्याची वेळ 'कधीच नाही' करून टाकली, चार्जर लावलेला असताना आणि नसताना, दोन्हीकडे. फरक शून्य. पण त्यातून एवढं कळलं की वापर नाही म्हणून झोपण्याचा जो नेहमीचा हिशेब असतो, तो इथे लागू नाही. तसाही लागू नव्हता, कारण माझी बोटं कीबोर्डवर असतानासुद्धा हा बहाद्दर झोपायचा.

दुसरी गोष्ट, तो खरंच झोपत होता, बंद पडत नव्हता. बघायला गेलं तर हे सोपं आहे, पण सल्ला देणारे नव्वद टक्के लोक इथेच घोळ घालतात. बंद पडलेला लॅपटॉप चालू करताना कंपनीचा लोगो दिसतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. झोपलेला दोन-तीन सेकंदांत होता तिथे येतो, आणि झोपलेला असताना त्याचा छोटा दिवा सावकाश उघडझाप करत असतो. माझा दिवा उघडझाप करत होता. त्यामुळे 'पंखा साफ करून घ्या, गरम होत असेल' हा सल्ला मी बाजूला ठेवला. अति तापलेला लॅपटॉप सहसा स्वतःला वाचवायला सरळ बंद होतो, इतकी नाजूक डुलकी घेत बसत नाही. बॅटरीचा संशय मात्र रास्त होता. जुन्या बॅटरीचा आकडा तीस टक्क्यांवरून एकदम पाचवर कोसळतो आणि यंत्र घाबरून झोपतं किंवा हायबरनेट होतं, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून बंद होतं, असं होतं कधीकधी. म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'पॉवरसीएफजी' या आज्ञेला 'बॅटरीरिपोर्ट' जोडून अहवाल काढला. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज होऊन जेवढी भरते ती क्षमता, दोन्ही आकडे शेजारी मिळतात. माझी थकलेली होती, पण मरायला टेकलेली नव्हती. आणि मुख्य म्हणजे चार्जर लावलेला असतानाही झोप चालूच होती.

बाकी इंटरनेटवरचे उपाय मी एका दमात सांगून टाकते: ड्रायव्हर अपडेट करा, पॉवर प्लॅन मूळ स्थितीत आणा, फास्ट स्टार्टअप बंद करा, बायॉस अपडेट करा, आणि काहीच नाही जमलं तर विंडोज नव्याने टाका. शेवटचा सल्ला देणाऱ्यांना स्वतःचा लॅपटॉप कधी नव्याने लावावा लागला नसावा. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथल्या माणसाने यंत्र न बघताच मदरबोर्डवर ठपका ठेवला आणि बदलावा लागेल म्हणून सांगितलं. लॅपटॉप का झोपतो हे त्यानेही विचारलं नाही.

विचारलं ते माझ्या धाकट्या भावाने. तो इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, आणि मी फोनवर सगळं रामायण सांगून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, एवढं सगळं केलंस, पण त्याला स्वतःला विचारलंस का?"

"कोणाला?"

"लॅपटॉपला. झोपताना तो दरवेळी कारण लिहून झोपतो. इव्हेंट व्ह्यूअर उघड."

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची रोजनिशी. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की सापडतो. डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्याखाली 'सिस्टिम'. उघडल्यावर हजारो ओळी दिसतात आणि त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा बघून आपला लॅपटॉप आता तासाभराचा सोबती आहे असं वाटायला लागतं. त्या खुणांकडे बघायचं नाही, प्रत्येक चांगल्या यंत्रातही त्या असतात. उजवीकडच्या फिल्टरमध्ये स्रोत म्हणून 'कर्नल-पॉवर' निवडला की गर्दी ओसरते. मग इव्हेंट क्रमांक बघायचा. ४२ म्हणजे यंत्र झोपायला निघालं. १०७ म्हणजे झोपेतून उठलं. ४१ दिसला तर मामला वेगळा: यंत्र नीट बंद न होता अचानक गेलं आणि पुन्हा सुरू झालं. माझ्या यादीत ४१ कुठेच नव्हता. ४२ आणि १०७ च्या जोड्या मात्र जागोजाग होत्या, आणि त्यांच्या वेळा माझ्या वर्गांच्या वेळांशी तंतोतंत जुळत होत्या.

४२ च्या ओळीवर क्लिक केलं की खाली एक वाक्य येतं आणि त्याखाली झोपेचं कारण. वापर नसल्यामुळे झोपला असेल तर तिथे 'सिस्टिम आयडल' असतं. एखाद्या प्रोग्रॅमने झोपवलं असेल तर 'ॲप्लिकेशन एपीआय'. बॅटरी संपत आली असेल तर 'बॅटरी'. माझ्याकडे प्रत्येक ठिकाणी एकच कारण लिहिलेलं होतं: 'बटन ऑर लिड'. म्हणजे कोणीतरी बटण दाबलं, नाहीतर झाकण मिटलं.

मी बटण दाबलं नव्हतं. आणि झाकण मिटून वर्ग घेण्याची कला मला अजून साधलेली नाही.

पण हे वाचल्यावर अर्धा प्रश्न सुटल्यासारखा झाला. ड्रायव्हर, बायॉस, पॉवर प्लॅन, नव्याने विंडोज, सगळं एका फटक्यात मागे पडलं. विंडोजला कुठून तरी झोपण्याचा हुकूम येत होता आणि ती बिचारी तो पाळत होती. हुकूम खोटा होता, एवढंच. आता तो देतं कोण, हे शोधायचं.

विंडोज बटण आणि झाकण यांचं कारण एकाच नावाखाली नोंदवते, त्यामुळे ते आपणच वेगळं करावं लागतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये एक पान आहे, तिथे पॉवर बटण, स्लीप बटण आणि झाकण, प्रत्येकाचं बॅटरीवर असताना काय आणि चार्जरवर असताना काय, अशा सहा खिडक्या मिळतात. इथे अधीर होऊन सगळ्या सहा 'काही करू नका' वर नेल्या की झोप थांबते, पण आपण होतो तिथेच राहतो. मी आधी फक्त पॉवर बटणाच्या दोन बदलल्या. माझा संशय त्याच्यावरच होता, कारण हल्लीच्या लॅपटॉपमध्ये ते कीबोर्डच्या कोपऱ्यात, डिलीटच्या शेजारी येऊन बसलंय. पुढच्याच वर्गात लॅपटॉप झोपला. बटण निर्दोष. मग स्लीप बटण, म्हणजे फंक्शन कीसोबत दाबायची ती चंद्राची खूण. तरी झोपला. मग झाकण.

झाकणाच्या दोन्ही खिडक्या 'काही करू नका' वर नेल्यावर लॅपटॉप झोपायचा थांबला. पण त्याऐवजी एक नवीनच प्रकार दिसायला लागला. बोलता बोलता स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि परत यायची. आवाज चालू, वर्ग चालू, मुलांना काही कळायचंही नाही, फक्त माझ्यासमोर डोळा मिटल्यासारखा अंधार आणि लगेच उजेड. विंडोजने झाकणाचा हुकूम मानायचा सोडला होता, पण स्क्रीनमागचा उजेड माझ्या लॅपटॉपमध्ये विंडोजला न विचारता झाकणाच्याच इशाऱ्यावर बंद होत होता. म्हणजे खोटा इशारा अजून येतच होता, आणि आता तो मला डोळ्यांनी दिसत होता.

बरेच जण इथे थांबतात. झाकणाला 'काही करू नका' सांगितलं, झोप थांबली, काम झालं. मला ते पटत नाही. एकतर ती उघडझाप वैताग आणते. आणि दुसरं, असा लॅपटॉप झाकण मिटून पिशवीत टाकला की तो आत जागाच राहतो, पंख्याला हवा मिळत नाही आणि बाहेर काढाल तेव्हा हात लावायची सोय नसते.

लॅपटॉपला आपलं झाकण मिटलंय हे कसं कळतं, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. पूर्वी काही लॅपटॉपमध्ये बिजागरीपाशी एक बारीकशी खुंटी असायची, झाकण तिच्यावर टेकलं की ती दाबली जायची. आता झाकणाच्या कडेत एक चुंबक असतं आणि खालच्या भागात, साधारण हात टेकवतो त्या बाजूला, एक हॉल सेन्सर. चुंबक जवळ आलं की सेन्सरचा सिग्नल बदलतो आणि यंत्राला वाटतं झाकण मिटलं. एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडून, त्याला चुंबकीय क्षेत्रात धरून हा परिणाम शोधला होता. आपल्या शोधामुळे पुढे कोणाचे वर्ग बुडतील याची त्याला कल्पना असायचं कारण नाही.

सेन्सरला चुंबक कोणाचं आहे हे कळत नाही. झाकणाचं असो की दुसऱ्या कशाचं, त्याच्या लेखी सारखंच. म्हणून भावाने पहिला प्रश्न विचारला तो मनगटाचा: "हातात काय घालतेस?" चुंबकाने मिटणारा घड्याळाचा पट्टा, चुंबकाची बांगडी, फोनचं चुंबकाचं कव्हर, इअरबड्सची डबी, टॅबलेटचं कव्हर, यातलं काहीही नेमकं त्या जागी आलं तर लॅपटॉप झोपू शकतो. आणखी एक प्रकार म्हणजे एक लॅपटॉप मिटून त्यावर दुसरा उघडा ठेवणं. खालच्याच्या झाकणातलं चुंबक वरच्याच्या सेन्सरला झोपवतं. ज्यांचा लॅपटॉप 'फक्त ऑफिसातच झोपतो, घरी नाही' त्यांनी आधी खाली काय आहे ते बघावं.

मी टेबल रिकामं केलं. घड्याळ काढलं, फोन दुसऱ्या खोलीत, इअरबड्स बाहेर. उघडझाप चालूच. मग फोन परत आणून त्यातलं होकायंत्राचं ॲप उघडलं. बहुतेक फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, आणि काही ॲप आकडा मायक्रोटेस्लामध्ये दाखवतात. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ असतं. फोन झाकणाच्या कडेवरून सावकाश फिरवला की चुंबकाशी आकडा उसळून शेकड्यांत जातो. माझ्या झाकणात वरच्या कडेला दोन्ही कोपऱ्यांत चुंबकं निघाली. ती जागच्या जागी होती, सुटून घरंगळली नव्हती. गोंद सुटून झाकणातलं चुंबक सरकणं हाही एक संशय होता, तो गेला. हात टेकवायच्या भागात स्पीकरपाशी आकडा वाढला, तो तर वाढणारच, स्पीकरमध्ये चुंबक असतंच.

म्हणजे बाहेरून कुठलंही चुंबक येत नव्हतं, तरी सेन्सर 'मिटलं, मिटलं' म्हणून ओरडत होता.

आता एक शेवटची शंका उरत होती, की हे सगळं विंडोजच्या किंवा कुठल्या ड्रायव्हरच्या डोक्यातलं तर नाही. त्यासाठी भावाने पेन ड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून दिलं. ते इन्स्टॉल न करता तसंच चालवून बघता येतं, आपल्या डिस्कला हातही लागत नाही. लिनक्समध्ये 'प्रॉक' फोल्डरात, 'एसीपीआय', मग 'बटन', मग 'लिड' असं आत आत गेलं की 'स्टेट' नावाची एक फाइल मिळते. तिच्यात एकच ओळ असते, 'स्टेट' आणि त्यापुढे 'ओपन' किंवा 'क्लोज्ड'. (एसीपीआय म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यात वीज, झोप, झाकण वगैरेंबद्दल बोलणी कशी व्हायची ते ठरवणारा नियम. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी तो १९९६ मध्ये आणला.) 'वॉच' या आज्ञेने ती फाइल सेकंदात दहादा वाचायला लावली आणि स्क्रीनकडे बघत बसले. एक काळजी घ्यावी लागते: झाकण मिटलं तरी झोपू नकोस असं लिनक्सला आधीच 'सिस्टिमडी-इन्हिबिट' वापरून बजावून ठेवायचं, नाहीतर तेही शहाण्यासारखं झोपून जातं आणि बघायला काही उरत नाही.

ओपन. ओपन. ओपन. बराच वेळ तेच. मी नेहमी बसते तशी बसले आणि डावा तळहात कीबोर्डच्या खाली टेकवला. 'क्लोज्ड' चमकून गेलं आणि परत 'ओपन'. हात उचलला, पुन्हा टेकवला. काही नाही. मग अंगठ्याने डाव्या कडेला, यूएसबीच्या छिद्राच्या थोडं वर, जरा जोर दिला. 'क्लोज्ड'. सोडला, 'ओपन'. पुन्हा दाबला, 'क्लोज्ड'. उजव्या बाजूला कितीही दाबलं तरी ढिम्म. विंडोज सुटली, ड्रायव्हर सुटला, चुंबक सुटलं. दोष त्या अंगठ्याच्या खाली होता.

मी हे फोनवर सांगत असताना माऊसचा दिवा विझला आणि लागला, तेही मी बोलून गेले. भावाने विचारलं, "माऊस कुठल्या पोर्टमध्ये आहे?"

"डाव्या."

"आणि वर्गात लॅपटॉप झोपायच्या आधी काही आवाज यायचा का गं? टुंग-टुंग असा?"

यायचा. यूएसबी निघाल्यावर विंडोज जो आवाज करते तो. मला तो झोपण्याचाच भाग वाटत होता, कारण दोन्ही इतकं लागोपाठ व्हायचं. पण माऊस आणि झाकण यांचा एकमेकांशी संबंध काय? भावाने मग सांगितलं की पुष्कळ लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट मुख्य बोर्डवर नसतात. त्यांचा एक वेगळा छोटा बोर्ड असतो, त्यावर यूएसबी, हेडफोनचं छिद्र, एखादा दिवा आणि कधीकधी हॉल सेन्सरही बसवलेला असतो. आणि हा बोर्ड मुख्य बोर्डला एका चपट्या रिबन केबलने जोडलेला असतो. माऊस आणि झाकण एकाच क्षणी वेडेवाकडे वागत असतील, तर दोघांना जोडणारी वस्तू तीच.

उघडायचं ठरलं. वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे हात बांधलेले नव्हते. ज्यांची चालू आहे त्यांनी इथपर्यंतचे पुरावे लिहून सर्व्हिस सेंटरला द्यावेत, 'डावीकडे दाबलं की झाकणाचा इशारा जातो आणि यूएसबी तुटतं' असं सांगितल्यावर मदरबोर्डचं बिल लावणं समोरच्याला जरा जड जातं.

खालच्या पत्र्याचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. पुढच्या कडेचे आखूड, बिजागरीजवळचे लांब. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरून कव्हर फुगतं किंवा बोर्डला भोक पडतं, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. कव्हर उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढायची, बाकी कशालाही हात लावायच्या आधी. बॅटरी आत असेपर्यंत बंद लॅपटॉपमध्येही वीज खेळत असते.

डाव्या कोपऱ्यात तो छोटा बोर्ड होता. यूएसबीचं पत्र्याचं तोंड, शेजारी हेडफोनचं छिद्र, आणि कडेला जेमतेम ३ मिलिमीटरचा, तीन पायांचा काळा ठिपका. एवढासा तो हॉल सेन्सर. एका पायाला वीज, एक जमिनीला, एक सिग्नलचा. बोर्डमधून निघालेली पांढरी रिबन मुख्य बोर्डवरच्या एका पातळ खाचेत गेली होती. अशा खाचेला वर उचलायची एक बारीक पट्टी असते, ती उभी केली की केबल सैल होते आणि आडवी पाडली की घट्ट बसते. माझी पट्टी एका टोकाला पडलेली आणि दुसऱ्या टोकाला किंचित उचललेली होती. भिंग लावून बघितल्यावर रिबनच्या टोकाची निळी पट्टी खाचेच्या कडेला समांतर नसून तिरपी दिसली. एका बाजूच्या तारा पक्क्या टेकलेल्या, दुसऱ्या बाजूच्या नुसत्या हात लावून उभ्या. तळहाताच्या वजनाने कव्हर जरासं दबलं की त्या सुटायच्या. सेन्सरची वीज तुटली की सिग्नल खाली पडतो, आणि माझ्या अंदाजाने मुख्य बोर्डला चुंबक जवळ आल्यावरही नेमकं तेच दिसतं. त्याच केबलने यूएसबीही जात असल्यामुळे माऊसही बरोबर जायचा.

नखाने पट्टी उभी केली, रिबन बाहेर घेतली, टोकाचे तांबूस संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसले, सुकू दिले आणि केबल सरळ, निळी पट्टी कडेला समांतर होईल अशी आत ढकलून पट्टी दोन्ही टोकांना दाबून आडवी पाडली. सगळं मिळून काम एवढंच. या कामात खरी भीती त्या पट्टीची असते. ती प्लॅस्टिकची, काड्यापेटीतल्या काडीहून बारीक, आणि तुटली तर पुन्हा बसत नाही. म्हणून ती स्क्रूड्रायव्हरने उचलू नये.

कव्हर पूर्ण बंद करण्याआधी बॅटरी जोडून पुन्हा लिनक्स चालवलं आणि अंगठ्याने डावीकडे जीव खाऊन दाबलं. ओपन, ओपन, ओपन. झाकण खरंच मिटलं तेव्हा 'क्लोज्ड'. विंडोजमध्ये झाकणाच्या दोन्ही खिडक्या परत 'स्लीप' वर आणल्या. वर्ग सुरळीत झाले.

आणि मग एके दिवशी सकाळी बघते तर रात्रीचा बॅकअप अर्धवट. लॅपटॉप झोपलेला.

पहिल्यांदा मनात आलं ती रिबनच. पण या वेळी स्क्रू काढण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ४२ होता, पण कारण 'सिस्टिम आयडल'. झाकणाचा काही संबंध नाही. त्याच्या आधी 'पॉवर-ट्रबलशूटर' या स्रोताचा इव्हेंट १ होता, यंत्र कशाने उठलं ते सांगणारा: टायमरने, ठरवून ठेवलेल्या कामासाठी. (त्या इव्हेंटच्या आतल्या झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा जागतिक वेळेत असतात, आपल्या घड्याळाशी जुळत नाहीत. बाहेरच्या यादीतली वेळ मात्र आपली असते. हे माहीत नसेल तर माणूस चक्रावतो.) उठणं आणि पुन्हा झोपणं यांत अंतर जवळपास दोन मिनिटांचं. मी झोपण्याची वेळ 'कधीच नाही' ठेवली असूनही.

हा वेगळाच आजार निघाला, लक्षण मात्र तेच. लॅपटॉपला माणसाने उठवलं तर आपण ठरवलेली वेळ लागू होते. पण तो टायमरने किंवा नेटवर्कवरच्या इशाऱ्याने, म्हणजे समोर कोणी नसताना उठला, तर विंडोज वेगळा हिशेब लावते. त्या सेटिंगचं नाव 'सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट', तिची मूळ किंमत २ मिनिटं, आणि ती नेहमीच्या पानावर दिसतच नाही. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम 'मी कामात आहे, झोपू नकोस' असं विंडोजला सांगत असेल तर अडचण येत नाही. माझा सांगत नव्हता. हे तपासता येतं: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी रिक्वेस्ट्स' दिलं की आत्ता यंत्राला कोण जागं ठेवतंय त्याची यादी येते. बॅकअप चालू असताना माझ्या यादीत 'सिस्टिम' या मथळ्याखाली 'नन' होतं.

लपवलेली सेटिंग बाहेर काढायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, जावं लागतं, कंट्रोल, मग पॉवर, मग पॉवर सेटिंग्ज अशा वाटेने. तिथे झोपेच्या गटात ७बीसी४ ने सुरू होणारी लांबलचक आकडा-अक्षरांची नोंद आहे, तिच्यातल्या 'ॲट्रिब्यूट्स' ची किंमत १ ची २ केली की ती ओळ पॉवर प्लॅनच्या प्रगत पर्यायांत उगवते. रजिस्ट्रीत हात घालायच्या आधी तेवढ्या भागाची प्रत बाहेर काढून ठेवली. मग वेळ ३० मिनिटं केली. बॅकअप पुरा झाला, लॅपटॉप नंतर आपणहून झोपला, आणि या झोपेबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

हे सगळं ऐकून माझ्या मैत्रिणीने तिच्या नव्या लॅपटॉपवर ४२ शोधला आणि तो सापडेना, म्हणून एक सांगायचं राहतं. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी, एस३ नावाची झोप नसतेच. त्यांत 'मॉडर्न स्टँडबाय' असतं, फोनसारखं, स्क्रीन बंद पण आतून थोडं जागं. आपल्या यंत्रात कुठली झोप आहे हे 'पॉवरसीएफजी' पुढे तिरकी रेघ आणि 'ए' दिलं की कळतं. मॉडर्न स्टँडबाय असेल तर त्याच कर्नल-पॉवरच्या यादीत ५०६ आणि ५०७ बघायचे, ५०६ आत जाताना आणि ५०७ बाहेर येताना. ५०६ च्या खाली कारणही असतं. मैत्रिणीच्या ५०६ खाली 'लिड' होतं. मी तिला आधी मनगटातलं घड्याळ काढायला सांगितलंय.